उशिरा येणारा वाचक

नेवाशाला प्रवरेच्या काठी एक दगडी खांब उभा आहे. पैस खांब म्हणतात त्याला. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी या खांबाला टेकून गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं, असं परंपरा सांगते. वारकरी येतात, खांबाला डोकं टेकवतात. याच खांबाच्या अंगावर एक जुना संस्कृत लेख कोरलेला आहे, आणि तो काय सांगतो हे कळलं की गंमत वाटते. गीता, निरूपण, असलं त्यात काही नाही. करवीरेश्वराच्या देवळातला दिवा जळत राहावा म्हणून तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. आजच्या भाषेत ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचनाच म्हणा ना.

ते देऊळ आता उभं नाही. दिवा कधीच विझला. ज्या पुजाऱ्याने तेल घालायचं आणि ज्या गावकऱ्यांनी हिशेब विचारायचा, ते सगळे गेले. अक्षरं तेवढी राहिली, आणि त्यांना असे वाचक मिळाले की जे कोरणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते. दुर्गाबाई भागवतांनी तर याच खांबावरून आपल्या पुस्तकाचं नाव ‘पैस’ ठेवलं.

लिहिलेल्या गोष्टीचा हा विलक्षण स्वभाव आहे. ती आधी समोरच्याला भेटते आणि मग वाट पाहत बसते. खरा वाचक पुष्कळदा उशिरा येतो, वेगळ्याच कामासाठी येतो, आणि आपण कोणत्या मूडमध्ये लिहिलं होतं हे त्याला ठाऊक नसतं. दगडाला असा वाचक गाठायला शतकं लागली. खिशातल्या फोनला एक रात्र पुरते. पाथर्डीच्या मैदानावर पहाटे पळणारा भरतीचा मुलगा, झेडपीच्या शाळेतल्या बाई, संगमनेरहून अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म भरणारी मुलगी: या प्रत्येकाचा एक उशिरा येणारा वाचक कुठेतरी खुर्चीत बसलेला आहे. तो वाचतो कसा, ते पाहू.

पुसलेलं जातं कुठे?

पोस्टाच्या पेटीत टाकलेलं पत्र आपल्या हातून जातं. मेसेज जात नाही. त्याच्या प्रती निघतात. ग्रुपमध्ये दोनशे माणसं असतील तर दोनशे फोनांत दोनशे प्रती. त्यांतल्या काहींचा रोज रात्री बॅकअप होतो, की आणखी प्रती. कुणी स्क्रीनशॉट घेतला, तर तो आता मेसेज उरलाच नाही, स्वतंत्र फोटो झाला. मूळ मेसेज तुम्ही पुसला तरी त्या फोटोला त्याची खबरही लागत नाही.

व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये ‘सर्वांसाठी डिलीट’ ही सोय आणली तेव्हा त्यासाठी सात मिनिटांची मुदत होती. पुढे ती तासाच्या वर गेली आणि २०२२ मध्ये दोन दिवसांच्याही पुढे. मुदत वाढली तसा आपला धीरही वाढला. पण स्क्रीनशॉट घ्यायला तीन सेकंदही लागत नाहीत, आणि मेसेज पुसल्याची पाटी मागे राहतेच. ज्याने मेसेज वाचलाही नसता, तोही ती पाटी पाहून विचारतो, ‘काय टाकलं होतं रे त्याने?’

याहून मोठं आश्चर्य सॅन फ्रान्सिस्कोत आहे. तिथे ब्रूस्टर काहल यांनी १९९६ मध्ये ‘इंटरनेट अर्काइव्ह’ सुरू केलं. तिथली यंत्रं जगभरच्या सार्वजनिक वेबपानांची छायाचित्रं काढल्यासारख्या प्रती साठवत फिरतात. २०२५ मध्ये या साठ्याने एक लाख कोटी पानांचा आकडा ओलांडला. एखादं पान आज बंद झालं असेल, पण दहा वर्षांपूर्वी ते कसं दिसत होतं हे ‘वेबॅक मशीन’वर तारीख टाकून बघता येतं. सगळंच तिथे सापडतं असं नाही. पण आपलं काय सापडेल आणि काय नाही, हे आपण ठरवत नाही.

बोललो एकाशी, ऐकलं दुसऱ्यांनी

आपण सगळे जागा पाहून बोलतो. पारावर वेगळं, ऑफिसात वेगळं, आजीसमोर तिसरंच. याला कुणी ढोंग म्हणत नाही; हे शहाणपण आहे. समाजमाध्यमांनी पार, ऑफिस आणि आजी यांना एकाच सतरंजीवर आणून बसवलं. अभ्यासक याला संदर्भ कोसळणं म्हणतात.

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. संगमनेर तालुक्यातले कीर्तनकार निवृत्तीमहाराज इंदुरीकर यांची कीर्तनं मांडवातून यूट्यूबवर गेली आणि महाराष्ट्रभर पोचली. २०२० मध्ये अशाच एका कीर्तनातल्या मुलगा-मुलगी होण्याविषयीच्या विधानावरून वाद पेटला, महाराजांनी दिलगिरीचं पत्र काढलं, तरी प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत पोचलं. विधानाची बरी-वाईट बाजू क्षणभर बाजूला ठेवा आणि यंत्राची करामत पाहा. मांडवात हजार-दोन हजार माणसं होती. क्लिप पाहणारी लाखो माणसं मांडवात नव्हतीच.

उपरोधाचे हाल तर विचारू नका. २०१९ च्या मे महिन्यात मुंबई महापालिकेतल्या आयएएस अधिकारी निधी चौधरी यांनी गांधीजींविषयी एक ट्वीट केलं. तो उपरोध होता, आपण गांधीजींना मानणाऱ्या आहोत, असं त्यांनी नंतर कळकळीने सांगितलं. ट्वीट काढूनही टाकलं. पण पडद्याचे फोटो फिरत राहिले, कारवाईची मागणी झाली आणि जूनच्या सुरुवातीला त्यांची महापालिकेतून मंत्रालयात बदली झाली. उपरोध हा आवाजात आणि भुवईत असतो. अक्षरांना भुवई नसते. पुढे त्या रायगडच्या जिल्हाधिकारी झाल्या आणि २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्या जिल्ह्याची धुरा त्यांच्याकडेच होती. एका वाक्याने नोकरी संपतेच असं नाही, हेही यातून दिसतं. मात्र मधल्या दिवसांची किंमत ज्याची त्यालाच मोजावी लागते.

असाच प्रसंग २०१३ च्या डिसेंबरात एका अमेरिकी जनसंपर्क अधिकारी बाईंवर गुदरला. लंडनहून केपटाऊनच्या विमानात बसताना त्यांनी आफ्रिका आणि एड्स यांवर एक कडवट विनोद ट्वीट केला आणि फोन बंद केला. त्यांचे फॉलोअर जेमतेम पावणेदोनशे. अकरा तासांनी विमान उतरलं तेव्हा जगभरचे लोक ‘या बाई उतरल्या का?’ म्हणून वाट पाहत होते. नोकरी गेली. विमानात त्या बहुधा शांत झोपल्याही असतील.

न लिहिलेलंही वाचलं जातं

इथवर आपण लिहिलेल्याबद्दल बोललो. खरा अचंबा पुढे आहे.

२०१५ मध्ये केंब्रिज आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी ८६ हजारांवर स्वयंसेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाने स्वभावाविषयीची शंभर प्रश्नांची यादी भरली होती. संशोधकांनी संगणकाला फक्त त्यांचे फेसबुकवरचे लाइक दिले आणि स्वभाव ओळखायला सांगितलं. दहा लाइकवरून संगणकाने ऑफिसातल्या सहकाऱ्यापेक्षा चांगला अंदाज केला. सत्तरवरून मित्रापेक्षा. दीडशेवरून आई-बाप, भाऊ-बहिणींपेक्षा. आणि तीनशेच्या आसपास लाइक मिळाले, तेव्हा तो नवरा-बायकोच्या बरोबरीला येऊन पुढे सरकला. वीस वर्षांच्या संसारात जे कळलं नाही ते अंगठ्याने सांगून टाकलं!

फोटो तर शब्दांहून बोलके. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात एक अदृश्य चिठ्ठी असते: तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर ही चिठ्ठी गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलात तर तशीच जाते. चिठ्ठी नसली तरी दृश्य असतंच. टोकियोत २०१९ मध्ये एका माणसाने तरुण गायिकेच्या सेल्फीत तिच्या बुबुळात पडलेलं रेल्वे स्टेशनचं प्रतिबिंब मोठं करून पाहिलं, ते स्टेशन शोधून काढलं आणि तिच्यावर हल्ला केला. डोळ्यात साठवणं या शब्दप्रयोगाचा असा अर्थ आपल्या पूर्वजांच्या मनात आला नसेल.

नगर हे लष्कराचं गाव. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे, यांत्रिकी पायदळाचं रेजिमेंट केंद्र इथे, रणगाड्यांचं संग्रहालयही इथेच. म्हणून पुढची गोष्ट नगरकरांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. स्ट्राव्हा नावाच्या व्यायामाच्या ॲपने २०१७ च्या नोव्हेंबरात जगाचा एक सुंदर नकाशा प्रसिद्ध केला. लोक जिथे जिथे धावतात तिथे उजेडाच्या रेघा. दोनेक महिन्यांनी एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की वाळवंटाच्या मिट्ट काळोखात मधेच नेमके चौकोन उजळलेत. ते लष्करी तळ होते. सैनिक तळाच्या कडेने सकाळी धावत होते, मनगटावरचं घड्याळ मोजत होतं, आणि ज्या जागा गुप्त ठेवायच्या त्या त्यांच्याच पावलांनी नकाशावर उजळल्या. एकाही जवानाने एक अक्षर लिहिलं नव्हतं. २०२० च्या जुलैत भारतीय सैन्याने जवान-अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली. एका अधिकाऱ्याने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही.

शिंगणापूरची फळी

‘पण माझं अकाउंट प्रायव्हेट आहे,’ असं कुणी म्हणेल. त्यासाठी पुन्हा नेवासा तालुक्यातच चला. शनिशिंगणापूर घरांना दारं नसणारं गाव म्हणून जगाला माहीत आहे. चौकट असते, दार नसतं. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली तीही बिनकुलुपाची म्हणून गाजली. मात्र रात्री कुत्री-मांजरं आत शिरू नयेत म्हणून काही घरांत चौकटीला लाकडी फळी टेकवतात.

प्रायव्हेट अकाउंट म्हणजे ही फळी. ती जरूर लावावी. वाटेवरचं कुत्रं तिने अडतं. माणसाला ती अडवत नाही, कारण माणूस ओळखीचा असतो आणि आपणच त्याला आत घेतलेलं असतं. स्क्रीनशॉट परका माणूस क्वचितच घेतो. तो ग्रुपमधल्याच कुणाच्या तरी फोनमध्ये जन्मतो. शिंगणापूरचा भरवसा शनिदेवावर आहे. आपला भरवसा दोनशे जणांच्या ग्रुपवर, आणि त्यातले साठ आपल्याला नावानिशी माहीतही नसतात.

डोळ्यांत औषध घातलं होतं

आणि फॉरवर्ड? ‘मी कुठे लिहिलं, मला आलं ते पुढे पाठवलं’ हा आपल्याकडचा सर्वांत लाडका बचाव. तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी २०१८ मध्ये महिला पत्रकारांविषयीची अपमानास्पद पोस्ट फेसबुकवर पुढे टाकली होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं, की पुढे पाठवणाऱ्याने तो मजकूर मान्य केला असंच धरावं लागेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं तेव्हा बचाव असा मांडला गेला, की त्यांनी त्या दिवशी डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यामुळे मजकूर वाचताच आला नाही. मूळचे अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाला ते पटलं नाही. समाजमाध्यम वापरायचं तर त्याचा पल्ला आणि परिणाम ओळखून वापरा, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ.

हा पल्ला किती भयंकर असू शकतो हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ ला पाहिलं. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते ना, ती सांगते की हा पुष्कळ हात फिरून आला आहे. दोन बाण दिसले की आपला अंगठा आवरावा, इतकं त्या खुणेचं साधं म्हणणं.

ग्रुप ॲडमिनना एक दिलासा: सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. दोघांचा संगनमताचा हेतू असेल तर गोष्ट वेगळी.

खुर्चीतले वाचक

आता त्या उशिरा येणाऱ्या वाचकांची ओळख करून घेऊ. पहिला सरकारी. महाराष्ट्र शासनाने २८ जुलै २०२५ ला शासन निर्णय काढला. तो राज्य कर्मचाऱ्यांबरोबर स्थानिक स्वराज्य संस्था, महामंडळं आणि कंत्राटी माणसांनाही लागू आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नका. गोपनीय कागद टाकू नका. गणवेश, शासकीय वाहन, इमारत, बोधचिन्ह वापरून रील काढू नका. कामाची माहिती द्या पण स्वतःची आरती ओवाळू नका. बदली झाली की कार्यालयीन खातं पुढच्या माणसाच्या हवाली करा. मोडलंत तर १९७९ च्या वर्तणूक नियमांखाली शिस्तभंगाची कारवाई. गाडीचं उदाहरण हवं असेल तर २०२२ च्या गुजरात निवडणुकीत मिळेल: निरीक्षक म्हणून गेलेल्या एका आयएएस अधिकाऱ्याने सरकारी गाडीसोबतचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले आणि निवडणूक आयोगाने त्यांना त्या कामावरून काढलं.

दुसरा वाचक पोलिस ठाण्यात बसतो. भरतीचं ग्राउंड निघालं, लेखी निघाली, गुलालही उधळून झाला, की चारित्र्य पडताळणी येते. एखाद्या स्टेटसवरून गुन्हा दाखल असेल तर तो तिथे वर येतो. लपवला तर लपवणं हेच नोकरी नाकारण्याचं दुसरं कारण ठरू शकतं. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात काही मोबाइल स्टेटसवरून शहर पेटलं, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं. एफआयआर जात नाही.

तिसरा वाचक सातासमुद्रापार. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांच्या खात्यांची नावं द्यावी लागतात. २०२५ च्या जूनपासून विद्यार्थ्यांना तर ती खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगितलं जातं. म्हणजे फळीसुद्धा काढून ठेवायची.

मग गप्पच बसायचं का?

मुळीच नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या एका तरुणीने मुंबई बंद राहण्याविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ रद्द झालं. बोलण्याचा हक्क असा झगडून मिळाला आहे. भीतीपोटी तो खुंटीला टांगून ठेवू नये. बोलावं, पण कोण कोण ऐकणार आहे हे धरून बोलावं.

त्यासाठी एक घरगुती युक्ती आहे: वाचक बदलून वाचणं. लिहिलं की लगेच बटण दाबू नका. एकदा साहेबांच्या डोळ्यांनी वाचा, एकदा आईच्या, आणि एकदा पाच वर्षांनी फाइल उघडणाऱ्या अनोळखी माणसाच्या. तिघांनाही तोच अर्थ लागला तर खुशाल टाका. राग आला असेल तर वहीत लिहा. वहीला फॉरवर्ड नसतं. ऑफिसची कुरबुर ऑफिसच्या ग्रुपवर नको, आणि कॉलेजच्या ग्रुपवर तर मुळीच नको.

महिन्यातून एकदा आपलं नाव गूगलमध्ये टाकून पाहा, आपला गाव जोडून पाहा. उशिरा येणारा वाचक तिथूनच सुरुवात करतो. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, कारण खातं हॅक झालं तर लिहितो दुसरा आणि खुलासा देतो आपण. आपल्या नावाचं खोटं खातं दिसलं तर आधी पुरावा जपा, मग त्या कंपनीकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा; पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवा. आणि चूक झालीच, तर पोस्ट गुपचूप पुसून भागत नाही. चूक झाली, काढलं, माफ करा, असं एकदा सरळ लिहावं आणि वाद वाढवू नये.

उशिरा येणारा वाचक नेहमी वाईटच बातमी घेऊन येतो असंही नाही. अकोल्यातल्या शिक्षकाने वर्गातला एखादा साधा प्रयोग टाकला, राहुरीच्या शेतकऱ्याने आपल्या कांद्याच्या चाळीचा हिशेब मांडला, वेल्डिंग करणाऱ्या पोराने स्वतः बनवलेल्या कोळप्याचा व्हिडिओ ठेवला, तर तोही वाट पाहत बसतो. आणि एखाद्या दिवशी भलत्याच गावाहून फोन येतो, ‘हे तुम्हीच केलंत का?’

नेवाशाच्या त्या खांबाशी उभं राहिलं की दात्याचा हेवा वाटतो. काय दिलं, कशासाठी दिलं, ते दगडात कोरलेलं आहे. किती राजवटी आल्या-गेल्या, किती जणांनी ती अक्षरं वाचली. इतक्या शतकांत त्याला एकही खुलासा द्यावा लागलेला नाही.